चोंदलेले नाक : उपचारांचा एक आढावा

सर्दी हा मनुष्यमात्रास होणारा सर्वांत सामान्य आजार असल्यामुळे त्याविषयी गंभीरपणे लिहिण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. परंतु अंगात एकशे एक-दोन अंश ताप आहे, मस्तक जड झाले आहे, घशास कोरड पडली आहे आणि ऐन मध्यरात्री दोन्ही नाकपुड्या बंद झाल्यामुळे तोंडाने श्वास घेत अंथरुणावर उठून बसावे लागत आहे, अशा अवस्थेतील रुग्णास जगातील कोणत्याही मोठ्या व्याधीच्या चर्चेपेक्षा एका मोकळ्या श्वासाची मातबरी अधिक वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे. या अवस्थेवर आपल्याकडे उपायांची वाण कधीच नव्हती. वाफारा, काढा, ओव्याची पुरचुंडी, निलगिरीच्या तेलाचे थेंब टाकलेला रुमाल, छातीला व कपाळाला चोळावयाचे मलम, नाकात घालावयाचे थेंब, दुकानदाराने फळीवरून काढून दिलेल्या गोळ्या, जलनेती, नस्य आणि लंघन असा हा सारा सरंजाम एकाच घरात एकाच दिवशी वापरला जातो. पण यांपैकी कशाने प्रत्यक्ष काय घडते, कशाने केवळ बरे वाटते, कशाने काहीच होत नाही आणि कशाने नवा अपाय जडतो, याचा हिशेब एकत्र मांडलेला क्वचित आढळतो. तो मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम एका रूढ समजुतीचे निराकरण केले पाहिजे. नाक चोंदते म्हणजे ते शेंबडाने भरते, अशी आपली कल्पना असते आणि म्हणून आपण जोर लावून शिंकरत राहतो. वस्तुतः नाकाच्या पोकळीच्या दोन्ही बाजूंस वळणदार हाडांच्या तीन-तीन पट्ट्या आतल्या अंगास झुकलेल्या असून त्यांच्यावरील श्लेष्मल अस्तरात रक्ताने फुगू शकणाऱ्या सूक्ष्म शिरांचे दाट जाळे असते. सर्दीच्या विषाणूंचा प्रवेश झाला, की शरीर जो दाह उत्पन्न करते त्यामुळे या शिरा रक्ताने भरून येतात, अस्तर सुजते आणि मुळातच अरुंद असलेली वाट बुजून जाते. स्राव असतो, तो त्रासही देतो. परंतु अडथळ्याचे मुख्य कारण सूज हे होय. ही एक गोष्ट ध्यानात आली, म्हणजे कितीही शिंकरले तरी नाक मोकळे का होत नाही याचा उलगडा होतो. उलट, जोराने शिंकरल्यास नाकातील स्राव भोवतालच्या अस्थिपोकळ्यांत ढकलला जातो, असे अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील संशोधकांनी २००० साली दाखवून दिले आहे. एक नाकपुडी बोटाने दाबून दुसरी हलकेच साफ करावी, दोन्ही एकदम कधीही शिंकरू नयेत, हा जुन्या गृहिणींचा दंडक या दृष्टीने सर्वथा योग्य ठरतो.

रात्री त्रास का वाढतो, याचे उत्तरही या शिरांतच आहे. मनुष्य आडवा झाला, की मस्तकाकडील शिरांतील रक्ताचा दाब वाढतो आणि अस्तर अधिक फुगते. म्हणून दोन उशा घेऊन मस्तक व छातीचा वरचा भाग उंच ठेवण्याने जो आराम पडतो तो केवळ मानसिक नसतो. शिवाय निरोगी मनुष्याच्याही दोन्ही नाकपुड्या सारख्या वाहत नाहीत. काही तास एक मोकळी व दुसरी किंचित मिटलेली, मग पालट, असा क्रम अविरत चालू असतो. कायसर नावाच्या जर्मन वैद्याने १८९५ साली या क्रमाचे शास्त्रीय वर्णन केले. परंतु आपल्याकडील स्वरशास्त्राने चंद्रस्वर आणि सूर्यस्वर या नावांनी त्याची दखल कितीतरी आधी घेतली होती आणि ‘शिवस्वरोदय’ हा ग्रंथ तर याच विषयास वाहिलेला आहे. त्या ग्रंथातील शुभाशुभाच्या फलितांशी आपणांस येथे कर्तव्य नाही. पण स्वर पालटण्यासाठी योगी काखेत जी कुबडी, म्हणजे योगदंड, धरीत असत, तिच्यामागील निरीक्षण अस्सल होते. एका काखेवर वा कुशीवर भार पडला, की विरुद्ध बाजूची नाकपुडी खुलते आणि त्याच बाजूची मिटते, ही शरीराची स्वयंभू प्रतिक्रिया आधुनिक शरीरशास्त्रज्ञांनीही मोजून पाहिली आहे. सर्दीत हा पालट अधिक तीव्र होतो. आता उजवी पूर्ण बंद, तर दोन तासांनी डावी. तेव्हा जी नाकपुडी मोकळी हवी असेल तिच्या विरुद्ध कुशीवर निजावे. या उपायास कवडीचाही खर्च नाही, अपाय नाही, आणि तरीही वैद्य-डॉक्टरांच्या सल्ल्यात त्याचा उल्लेख विरळा होतो, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे.

सर्दीचे कारण विषाणू आहे, हे लाइप्झिग येथील वाल्टर क्रूझ याने १९१४ सालीच सूचित केले होते. पुढे इंग्लंडमध्ये सॉल्झबरी येथे १९४६ साली सर्दीच्या संशोधनासाठी एक स्वतंत्र केंद्र स्थापन झाले आणि तेथे स्वयंसेवक दहा-दहा दिवस राहून स्वखुशीने सर्दी पत्करीत. १९५६ साली अमेरिकेत पहिला ऱ्हायनोव्हायरस हाती लागला. १९६० साली सॉल्झबरीच्या डेव्हिड टिरेल यांनी हे विषाणू प्रयोगशाळेत ३३ अंश सेल्सियस तापमानात, म्हणजे नाकाच्या आतील काहीशा थंड हवेत असते तेवढ्याच उष्णतेत, चांगले वाढतात असे दाखविले. या एका कुळात आज दीडशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत, त्याशिवाय इतर कुळे निराळी. म्हणून सर्दीवर लस निघालेली नाही आणि तिचा विषाणू मारणारे खात्रीचे औषधही नाही. सात ते दहा दिवसांत शरीर स्वतःच तिचा निकाल लावते. याचा अर्थ असा, की चोंदलेल्या नाकावरील प्रत्येक उपायाची कसोटी ‘रोग बरा झाला का’ ही नसून, ‘या सात-दहा दिवसांत रुग्णाचे क्लेश किती कमी झाले आणि त्याबदली त्याने कोणती किंमत मोजली’ ही होय. पुढील सर्व विवेचन मी याच कसोटीवर केले आहे.

वाफाऱ्यापासून प्रारंभ करणे उचित होईल, कारण महाराष्ट्रात सर्दीचा पहिला इलाज म्हणजे पातेलेभर उकळते पाणी आणि डोक्यावरून घेतलेला टॉवेल. या उपायास एके काळी फार मोठे पाठबळ लाभले होते. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील नोबेल पारितोषिकाचे मानकरी आंद्रे ल्वोफ हे नाकातील उष्णता वाढविल्यास विषाणूंची वाढ खुंटेल या मताचे पुरस्कर्ते होते. इस्राएलमध्ये १९८७ साली ४३ अंश उष्णतेची दमट हवा नाकात सोडणाऱ्या यंत्राने रुग्णांस गुण आल्याचे प्रसिद्ध झाले, आणि १९८९ साली टिरेल यांच्या प्रयोगांतूनही अनुकूल निष्कर्ष निघाले. परंतु १९९० साली क्लीव्हलंड येथे हाच प्रयोग काटेकोरपणे पुन्हा करून पाहिला, तेव्हा उष्ण दमट हवा मिळालेले आणि साधी हवा मिळालेले रुग्ण यांच्यात फरक आढळला नाही. पुढे चंडीगढच्या स्नातकोत्तर वैद्यक संस्थेतील डॉ. मीनू सिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सर्व प्रयोगांचे एकत्र परीक्षण केले. २०१७ सालच्या त्यांच्या आवृत्तीचा निष्कर्ष असा, की वाफेने सर्दीत निश्चित लाभ होतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही. तरीही वाफाऱ्याने घट्ट झालेला स्राव पातळ होऊन घटकाभर बरे वाटते, हा अनुभव खोटा ठरत नाही. तो अल्पकाळ टिकतो, एवढेच. खरा प्रश्न धोक्याचा आहे. उकळत्या पाण्याचे पातेले मांडीवर अथवा पलंगावर कलंडून भाजलेली मुले जळीत रुग्णांच्या कक्षात पुनःपुन्हा येतात, आणि कोविडच्या साथीत वाफाऱ्याचा अतिरेक झाला तेव्हा अशा दुर्घटनांत वाढ झाल्याचे ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी नोंदविले. मोठ्या मनुष्याने पातेले जमिनीवर किंवा स्थिर मेजावर ठेवून, पाणी विस्तवावरून उतरवून काही मिनिटे थांबून, मग वाफ घ्यावी. लहान मुलास टॉवेलाखाली कोंडून वाफारा देण्याची प्रथा मात्र सरळ बंद करावी. न्हाणीघरात ऊन पाण्याने स्नान घालताना जी वाफ दाटते, ती त्यास पुरेशी आहे.

मलमे, पुदिन्याचे सत्त्व, कापूर, निलगिरी आणि या वर्गातील ओव्याची पुरचुंडी यांची कथा निराळी व अधिक उद्बोधक आहे. काशीनाधुनी नागेश्वरराव यांनी १८९३ साली मुंबईत अमृतांजनाचा कारखाना काढला तेव्हापासून या पदार्थांच्या वासाने नाक उघडते अशी आपली खात्री आहे. वेल्समधील कार्डिफ येथे सर्दीच्या अभ्यासाचे केंद्र चालविणारे रोनाल्ड एकल्स यांनी नाकातून जाणाऱ्या हवेस होणारा अवरोध यंत्राने मोजून पाहिला आणि त्यांस असे आढळले, की मेंथॉल हुंगल्यावर अवरोधात काहीही फरक पडत नाही. मात्र रुग्ण ठामपणे सांगतो की नाक मोकळे झाले. याचा खुलासा २००२ साली झाला. थंडीची जाणीव करून देणारा जो ग्राहक मज्जातंतूंत असतो तोच मेंथॉलने उद्दीपित होतो, आणि नाकातून थंड हवा वाहते आहे असा संदेश मेंदूस पोहोचतो. या ग्राहकाचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पाटापूटियन यांच्या संवेदनाविषयक कार्यास २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. नाक मोकळे होणे आणि नाक मोकळे वाटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या संपूर्ण प्रश्नाचा गाभा होय. कित्येक डॉक्टर यावरून मलमे टाकाऊ ठरवितात. ते मला मान्य नाही. ज्या आजारात रोग आपल्या गतीनेच जाणार आहे, त्यात क्लेशांची जाणीव कमी होणे हाच उपचाराचा पुरुषार्थ आहे, आणि मोकळे वाटल्यामुळे रुग्णास झोप लागली तर त्याहून अधिक काय हवे? कार्डिफच्याच २००८ सालच्या एका लहान प्रयोगात फळांच्या रसाचे ऊन पेय घेणाऱ्यांस शिंका, खोकला, घशाची खवखव आणि थकवा यांपासून तत्काळ आराम वाटला, यद्यपि हवेचा प्रवाह तोच राहिला. आपला सुंठ-तुळस-गवती चहाचा काढा, कुळथाचे कढण, मिरी घातलेले सार यांचे समर्थन मी याच न्यायाने करतो. मर्यादा एवढीच, की कापूरयुक्त मलम दोन वर्षांखालील बालकास मुळीच लावू नये, आणि कोणाच्याही नाकपुडीच्या आत ते भरू नये.

नाक खरोखर मोकळे करणारे औषध कोणते, असे विचारल्यास झायलोमेटॅझोलिन व ऑक्सिमेटॅझोलिन या थेंबांकडे बोट दाखवावे लागेल. फुगलेल्या शिरांचे ते आकुंचन घडवितात. काही मिनिटांत वाट खुली होते आणि आठ-दहा तास खुली राहते. तापाने ग्रासलेल्या रुग्णास निजण्यापूर्वी हे थेंब घालून एक शांत रात्र मिळवून देणे, ही वैद्यकाने मनुष्यास दिलेली छोटी पण खरी देणगी आहे. परंतु तिची मुदत ठरलेली आहे. पाच दिवसांच्या वर ते चालू ठेवले, की औषधाचा अंमल उतरताच शिरा पूर्वीपेक्षा अधिक फुगतात, पुन्हा थेंब लागतात, आणि सर्दी केव्हाच गेलेली असूनही नाक केवळ औषधामुळे चोंदत राहते. असे रुग्ण महिनोन् महिने, काही तर वर्षानुवर्षे, खिशात बाटली बाळगून हिंडतात. औषध विक्रेत्यांनी बाटली देताना हा इशारा तोंडी दिला तर त्यांतील बहुतेकांचा त्रास टळेल. रक्तदाब किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी व गर्भवतींनी ते डॉक्टरांस विचारूनच घ्यावेत. सहा वर्षांखालील मुलास आपल्या मनाने घालू नयेत.

पोटात घ्यावयाच्या गोळ्यांविषयी माझे मत कठोर आहे. सर्दीची म्हणून जी गोळी मिळते, तीत बहुधा पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन अशी तीन औषधे असतात. पहिल्याने ताप उतरतो. दुसऱ्याने वाहते नाक काहीसे आटते व गुंगी येते. चोंदलेल्या नाकावर त्याचा प्रभाव नगण्य. तिसरे खास नाक उघडण्यासाठी घातलेले असते. पण ते आतड्याच्या भिंतीतच बव्हंशी नष्ट होते, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीतील सर्वच्या सर्व सोळा सभासदांनी पोटात घेतलेले हे औषध निरुपयोगी असल्याचा निर्वाळा दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते बाजारातील गोळ्यांतून वगळण्याचा प्रस्तावही तेथे मांडला गेला. भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन व फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांस देऊ नये असा आदेश काढला. तरीही २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात सर्दी-तापासाठी याच प्रकारचे सरबत दिलेली वीसहून अधिक बालके दगावली. त्या सरबतात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळले गेले होते आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या कित्येक मुलांस नागपूरच्या रुग्णालयांत आणावे लागले. जो आजार आठवड्यात आपोआप बरा झाला असता, त्याच्यापायी ही लेकरे गेली. लहान मुलांस सर्दीचे सरबत देऊ नये, या सल्ल्यास याहून अधिक पुराव्याची गरज नाही.

खारट पाण्याने नाक धुणे हा उपाय, माझ्या समजुतीप्रमाणे, या साऱ्या यादीत सर्वाधिक आदरास पात्र आहे. ‘हठप्रदीपिके’त षट्कर्मांमध्ये नेतीची गणना आहे, तेथील नेती सुताची असून जलनेती हे तिचे सौम्य रूप होय. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा करण्याचा जो पायंडा पाडला, त्यामुळे महाराष्ट्रात तरी या क्रियेकडे सुशिक्षितांचे लक्ष वेधले. अलीकडे, २०२४ साली, इंग्लंडमध्ये सुमारे चौदा हजार लोकांवर केलेल्या अभ्यासात, सर्दीची चाहूल लागताच खारट पाण्याचा किंवा औषधी द्रवाचा फवारा नाकात मारणाऱ्यांचे आजारपणाचे दिवस सहा महिन्यांत सरासरी आठांवरून साडेसहाच्या आसपास आले. अर्धा लिटर पाण्यात साधारण साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचा भरून थोडे कमी, मीठ घालावे. मात्र पाणी उकळून कोमट केलेलेच असावे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोन व्यक्ती मेंदूत अमीबा शिरून मरण पावल्या, हा दाखला विसरता येत नाही. नाक ठार बंद असताना जोर करून पाणी ढकलू नये. ते कानाकडे वळते.

आयुर्वेदात या विकारास प्रतिश्याय म्हटले असून सुश्रुताच्या उत्तरतंत्रात त्याच्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. त्यातील एक विवेक आज विसरला गेला आहे: नव्या, अपक्व सर्दीत स्नेहपान वर्ज्य मानले असून तुपाचे उपचार जुन्या सर्दीसाठी सांगितले आहेत. ताप असताना नाकात तेल-तूप सोडणाऱ्यांनी निदान आपल्याच शास्त्राची ही आज्ञा पाळावी. क जीवनसत्त्वाविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, ते नित्य घेणाऱ्यांची सर्दी किंचित लवकर आटोपते. सर्दी झाल्यावर सुरू केल्यास निश्चित लाभ आढळत नाही. प्रतिजैविकांचा विषाणूंवर काहीही परिणाम होत नाही, आणि स्राव पिवळा-हिरवा झाला एवढ्यावरून ती सुरू करण्यास आधार नाही.

तापाबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. तापात शरीरातील पाणी आटते, स्राव चिकट होतो, तोंडाने श्वास घेतल्याने कोरड वाढते. म्हणून वारंवार पाणी, पेज, सार देत राहणे हा नाकाचाही उपचार आहे. पॅरासिटामॉल प्रौढाने दिवसाकाठी चार ग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये, आणि सर्दीच्या गोळीत ते आधीच असते हे न जाणता तापाची निराळी गोळी घेणाऱ्यांच्या हातून ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. मुलांस अॅस्पिरिन देऊ नये. पावसाळ्यात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी: नाक चोंदलेले, शिंका, घसा खवखवणे ही लक्षणे सहसा मलेरिया-डेंग्यूची नव्हेत, तेव्हा सर्दीवाचून चढलेल्या कडक तापास सर्दीचा ताप समजून घरी बसू नये, रक्त तपासून घ्यावे.

तान्ह्या मुलाचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तेथे चोंदलेले नाक ही किरकोळ बाब राहत नाही. पहिल्या काही महिन्यांत बालक प्रायः नाकानेच श्वास घेते. नाक बंद झाले की त्यास स्तनपान करता येत नाही. अशा वेळी पाजण्यापूर्वी औषधाच्या दुकानात मिळणारे निर्जंतुक खारट पाण्याचे एक-दोन थेंब प्रत्येक नाकपुडीत सोडावे आणि मऊ कापडाने स्राव टिपावा. न्हाऊ घालताना नाकात तेल सोडण्याची चाल अनेक घरांत आजही चालू आहे. ते तेल फुप्फुसांत उतरून एक प्रकारचा न्युमोनिया होतो, याची नोंद भारतीय बालरोगतज्ज्ञांनी वारंवार केली आहे. ही चाल आजीने आजवर कितीही मायेने पाळली असली, तरी यापुढे ती थांबली पाहिजे. आणि सर्दीचा न्युमोनिया झाला की काय हे ओळखण्यास कोणतेही मोठे यंत्र लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्या दायांना, त्यांतील निरक्षरांनाही, मण्यांच्या साध्या साधनाने बाळाचे श्वास मोजावयास शिकविले, आणि त्या प्रयोगाने न्युमोनियामुळे होणारे बालमृत्यू घटल्याचे १९९० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते मोजमाप प्रत्येक मातापित्याने शिकून घ्यावे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांखालील बालकाचे श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील मुलाचे ५० किंवा अधिक, आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, अथवा श्वासागणिक छाती आत ओढली जात असली, तर सर्व घरगुती उपाय बाजूस ठेवून त्याच वेळी दवाखाना गाठावा.